स्क्रूटेपची पत्रं: सैतानाच्या हातचं पुस्तक वाचायचं कसं

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधे एक माणूस वाचत बसलाय. पक्का नास्तिक. वाचता वाचता डोक्यात एक विचार सुरू होतो आणि तो हळूहळू देवाच्या दिशेनं सरकायला लागतो. त्याच्या बाजूला एक सैतान आहे, वीस वर्षं ह्या एका माणसावर मेहनत घेतलेला, आणि त्याला दिसतंय की आपली सगळी मेहनत आता पाण्यात जाणार. तो काय करतो? वाद घालत नाही, घाबरवत नाही, कुठलं पाप समोर धरत नाही. तो त्या माणसाच्या मनात एवढंच टाकतो की जेवायची वेळ झाली. माणूस जरा थबकतो, हा विचार जेवणापेक्षा महत्त्वाचा आहे असं त्याला वाटायला लागतं, तर सैतान लगेच म्हणतो अगदी बरोबर, इतका महत्त्वाचा आहे की उपाशीपोटी नकोच, जेवून ये आणि ताज्या डोक्यानं बघ. माणूस उठतो. रस्त्यावर पेपर विकणारा पोरगा ओरडतोय, ७३ नंबरची बस चाललीय, आणि म्युझियमच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्याची खात्री पटलेली असते की हे खरं जग आहे, आत पुस्तकांत बसून सुचतं ते सगळं डोक्याचे खेळ. तो परत त्या विचाराकडे कधीच जात नाही.

हे सगळं आपल्याला तो सैतान स्वतः सांगतोय, तेही शाबासकी मिळवल्याच्या सुरात, आपल्या भाच्याला लिहिलेल्या पत्रात. पुस्तक म्हणजे सी. एस. लुईसचं 'द स्क्रूटेप लेटर्स', आणि हा प्रसंग पहिल्याच पत्रातला. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथेच थांबले होते, कारण जेवायची वेळ झाली म्हणून किती गोष्टी मी उद्यावर टाकल्या असतील ते एकदम आठवायला लागलं. तेव्हापासून हे पुस्तक मी किती जणांना सुचवलं असेल त्याची गणतीच नाही आणि बरेच जण दहा पानांत सोडून देतात, म्हणतात काही कळत नाहीये, उलटंसुलटं आहे सगळं. त्यांच्यासाठी हे लिहितेय, जरा सविस्तर.

तर आधी मांडणी. स्क्रूटेप हा नरकातला वरिष्ठ अधिकारी. वर्मवुड हा नुकताच कामाला लागलेला, माणसांना मोहात पाडायच्या कॉलेजातून शिकून आलेला तरुण सैतान. त्याच्याकडे एक माणूस सोपवलाय, इंग्लंडमधे आईबरोबर राहणारा एक साधा तरुण, त्याला पुस्तकभर नाव नाही, त्याला फक्त 'पेशंट' म्हणतात. वर्मवुडनं ह्या पेशंटला नरकापर्यंत सुखरूप आणायचंय. तो अडला की स्क्रूटेप त्याला पत्र लिहितो. अशी ३१ पत्रं. वर्मवुडची पत्रं आपल्याला दिसत नाहीत, फक्त उत्तरं दिसतात, आणि त्या उत्तरांवरून पेशंटच्या आयुष्यात काय चाललंय ते आपणच जुळवायचं, तो चर्चला जायला लागला, आईशी भांडला, युद्ध सुरू झालं, वाईट मित्र मिळाले, एका मुलीच्या प्रेमात पडला.

इंग्रजीत स्क्रूटेप नुसता 'अंकल' आहे, मामा की काका ते कळायला मार्ग नाही. मी मनात मामाच धरलाय. ज्यांच्या गोष्टींत शकुनी आणि कंस आहेत त्यांना ह्यात वेगळं सांगायला नको.

आता अडचण कुठे येते तर शब्दांत. पुस्तकात 'शत्रू' म्हटलं की तो देव. 'खालचा आपला बाप' म्हणजे मुख्य सैतान. एखादी गोष्ट 'भयंकर' घडली असं मामा म्हणाला की समजायचं पेशंटच्या बाबतीत काहीतरी फार चांगलं झालंय, आणि तो खूश असला तर पोटात गोळा यायला हवा. म्हणजे प्रत्येक वाक्य डोक्यात उलटं करून घ्यायचं. पहिली तीनचार पत्रं हे करताना दमायला होतं हे खरंय, मग एकदम सवय लागते. पण एक अजून आहे, आणि हे लुईसनं सुरुवातीच्या टिपणातच बजावून ठेवलंय: सैतान खोटारडा असतो, त्याच्या बाजूनंही तो सांगेल ते खरंच असेल असं धरू नका. त्यामुळे नुसतं आरशात बघितल्यासारखं उलटं करून भागत नाही. काही ठिकाणी मामा स्वतःचीच फसवणूक करत असतो, उदाहरणार्थ देव माणसांवर खरंच प्रेम करतो हे त्याला पटूच शकत नाही, त्याला वाटतं ह्यामागे काहीतरी डाव आहे आणि नरकातल्या इतक्या हुशार लोकांना तो अजून सापडलेला नाही.

उपरोध म्हटलं की आपल्याला सहसा दुसऱ्याची टर उडवणं आठवतं, आणि धार्मिक पुस्तक म्हटलं की उपदेश. हे दोन्ही एकत्र कसं चालेल असा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. पण भक्ती आणि उपरोध ह्यांचं वैर आहे असं मराठी माणसानं तरी म्हणू नये, नाथांच्या भारुडात काम-क्रोध विंचू होऊन चावतात आणि लोक हसत हसत ऐकतात आणि ऐकता ऐकता आपल्याला कुठे चावलंय ते तपासतात. लुईसनं पुस्तकाच्या सुरुवातीलाच दोन उताऱ्यांची साक्ष काढलीय, एक जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची आणि एक इंग्लिश संत थॉमस मोरची, दोघांचं म्हणणं साधारण एकच, की गर्विष्ठ सैतानाला चेष्टा सहन होत नाही. १९६१च्या आवृत्तीला त्यानं नवी प्रस्तावना लिहिली, त्यात नरक असा का रंगवला ते सांगितलंय. शिंगं, आग, काळोख ह्यातलं काही नाही. नरक म्हणजे एक ऑफिस. गालिचे घातलेलं, उबदार, भरपूर उजेडाचं, जिथे पांढऱ्या कॉलरचे, नीट दाढी केलेले लोक आवाज न चढवता काम करतात. सगळे एकमेकांशी गोड बोलतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याची खुर्ची हवी असते.

हे सगळं सुचलं कधी तेही बघा. जुलै १९४०, फ्रान्स पडलेलं, इंग्लंड जवळजवळ एकटं. १९ जुलैच्या शुक्रवारी लुईसनं रेडिओवर हिटलरचं भाषण ऐकलं. नंतर त्यानं भावाला पत्रात लिहिलं की भाषण चालू असेपर्यंत थोडंसं डळमळायला होतंच, इतक्या ठाम आवाजात खोटं बोललं की माणूस हलतो. आणि त्याच रविवारी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारीच्या चर्चमधे बसलेला असताना त्याला ह्या पुस्तकाची कल्पना आली, एका म्हाताऱ्या सैतानानं तरुण सैतानाला लिहिलेली पत्रं. गोड, समजूतदार, खात्रीच्या आवाजात खोटं कसं काम करतं हे तो दोनच दिवसांपूर्वी स्वतःवर अनुभवून बसला होता, आणि स्क्रूटेपचा आवाज वाचताना मला नेहमी हे आठवतं.

लुईस मूळचा बेलफास्टचा, जन्म १८९८, पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकवायचा. तरुणपणी स्वतःच नास्तिक, १९३१ साली ख्रिस्ती विश्वासाकडे परत आला, त्यात त्याचा मित्र, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्किन, ह्याचा मोठा वाटा होता आणि हे पुस्तक त्यानं टॉल्किनलाच अर्पण केलंय. लहान मुलांना माहीत असलेल्या नार्नियाच्या गोष्टी ह्याच माणसाच्या, पण त्या नंतरच्या. ही पत्रं १९४१मधे मे ते नोव्हेंबर दर आठवड्याला एक अशी 'द गार्डियन' नावाच्या चर्चच्या साप्ताहिकात आली, आजचं गार्डियन वर्तमानपत्र ते वेगळं. पत्रामागे दोन पाउंड मिळायचे आणि ते लुईसनं स्वतःसाठी न ठेवता दान केले. १९४२मधे पुस्तक निघालं. एका खेडेगावातल्या पाळकानं तर साप्ताहिकाला कळवलं की माझा अंक बंद करा, ह्या पत्रांतला बराचसा सल्ला चुकीचाच काय, चक्क सैतानी आहे! तेव्हा शब्द उलटे करून घ्यायला जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, चर्चमधे आयुष्य घालवलेल्या माणसाचंही तसं झालं होतं.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे येते. मी ख्रिस्ती घरात वाढले, प्रभूच्या प्रार्थनेतली 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' (म्हणजे मोहात पडू देऊ नकोस) ही ओळ रोज म्हणत वाढले आणि लहानपणापासून माझ्या डोक्यात परीक्षा म्हणजे काहीतरी मोठं असायचं, चोरी, दारू, खून असलं. स्क्रूटेपला ह्यातलं काही लागत नाही. तिसरं पत्र घ्या. पेशंट आता प्रार्थना करायला लागलाय, आईसाठीसुद्धा करतो. मामा म्हणतो करू दे, फक्त ती प्रार्थना खूप 'आध्यात्मिक' राहील एवढं बघ, तिच्या आत्म्यासाठी करू दे, तिच्या संधिवातासाठी नको. म्हणजे काय होईल, तो आईच्या दोषांकडे लक्ष देत राहील, आणि ते दोष म्हणजे त्याला ज्याचा त्रास होतो ते, आणि हळूहळू तो एका कल्पनेतल्या आईसाठी प्रार्थना करायला लागेल आणि सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बसलेल्या खऱ्या आईशी त्या प्रार्थनेचा काही संबंध उरणार नाही.

आणि मग त्याच पत्रात आवाजाची गोष्ट येते. घरातल्या माणसांत भांडण लावायचं तर वाईट शब्द वापरायची गरजच नाही, मामा सांगतो, शब्द अगदी निरुपद्रवी ठेव, फक्त सूर असा दे की तो थोबाडीत बसल्यासारखा लागेल. आणि दोघांनाही दोन मापं दे. आपलं बोलणं नुसत्या शब्दांवरून तोललं जावं, समोरच्याचं मात्र शब्द, सूर, मागचापुढचा संदर्भ सगळं धरून. मग दोघंही भांडणानंतर मनापासून म्हणतील की मी काय, जेवण कधी आहे एवढंच विचारलं, आणि तिनं किती त्रागा केला.

हे वाचलं त्याच आठवड्यातलं सांगते. माझी आई रात्री झोपताना रोज विचारते, गॅस बंद केलास का. रोज. त्या दिवशी मी मोबाईलमधून डोकं न काढता म्हटलं, "हो आई." दोन शब्द. कागदावर लिहिले तर कोणाला काही सापडणार नाही त्यात. ती काही बोलली नाही, स्वयंपाकघरात गेली, स्वतः हात लावून बटण बघितलं, आणि तिच्या खोलीचं दार नेहमी थोडं उघडं असतं ते त्या रात्री लावून घेतलं. मी पडल्या पडल्या मनात वाक्य तयार करत होते की मी तर नुसतं हो म्हटलं, आणि अर्ध्या वाक्यात मला कळलं की हे वाक्य माझं नाही, हे मी दोन दिवसांपूर्वी वाचलंय, आणि ज्यानं लिहिलंय तो ह्यावर खूश होतोय. उठून गेले तिच्याकडे. गुडघ्याला तेल लावून दिलं. संधिवात म्हणजे काय ते तेव्हा कळलं मला.

सतराव्या पत्रात पेशंटची आई स्वतः येते. विषय खादाडपणा, पण बाई तर चिमणीएवढं खाणारी. कुणाच्या घरी गेली की समोर आलेलं सगळं हळूच बाजूला सारणार आणि उसासा टाकून म्हणणार, मला काही नको हो, फक्त एक कप चहा, पातळ पण फार पातळ नको, आणि अगदी इवलासा टोस्ट, पण खरंच कुरकुरीत हवा. जे मागितलं ते दिलेल्यापेक्षा कमी आहे, स्वस्त आहे, म्हणून तिला कधी वाटतच नाही की आपण जिभेच्या हट्टासाठी सगळ्या घराला कामाला लावलंय. मामाच्या मते पोट ताब्यात घ्यायला ढीगभर अन्न लागत नाही, एक टोस्ट पुरतो. तसंच सव्विसाव्या पत्रातलं बागेतल्या चहाचं भांडण. कुणीतरी म्हणतं चहा बागेत घेऊया, दुसरा म्हणतो माझी इच्छा नाही पण तुमच्यासाठी येतो, मग पहिले म्हणतात छे छे, तुम्हाला नको तर आम्हालाही नको, तो म्हणतो नाही, तुमच्या मनासारखंच होऊ दे, आणि असं एकमेकांसाठी त्याग करता करता शेवटी कुणीतरी फणकाऱ्यानं म्हणतं की जाऊ दे, मला चहाच नको. दिवाळीला दहा माणसं एका घरात जमली की हे पत्र जिवंत होतं, आमच्याकडे तरी होतं.

बाराव्या पत्रातलं वाक्य सगळीकडे फिरत असतं, नरकाचा सगळ्यात खात्रीचा रस्ता हा हळूहळू उतरणारा असतो, पायाखाली मऊ, एकदम वळण नाही, मैलाचे दगड नाहीत, पाट्या नाहीत. वाक्य सुंदरच आहे, पण मला त्याच पत्रातला एक माणूस जास्त लक्षात राहतो, नरकात पोचल्यावर तो म्हणतो की आता कळतंय, मी आयुष्याचा बराचसा वेळ जे करायला हवं होतं त्यातही घालवला नाही आणि जे आवडत होतं त्यातही नाही. मामा सांगतो की माणसाला वाया घालवायला आता मजेचीसुद्धा गरज नाही, कालच्या पेपरातल्या जाहिरातींचा रकाना पुरतो, थंड खोलीत विझलेल्या शेगडीकडे बघत उशिरापर्यंत जागवता येतं. १९४१ साली लिहिलंय हे. रात्री दीड वाजता एकामागून एक व्हिडिओ सरकवत बसलेल्या आपल्याला त्यात काही बदल करायची गरज पडत नाही, त्या व्हिडिओंचीसुद्धा आवड नसते हेच तर त्यातलं भीषण आहे.

आणि आठवं पत्र. हे कळलं की पुस्तक कळलं असं मी म्हणेन, म्हणून इथे जरा थांबा. वर्मवुड आनंदानं कळवतो की पेशंटचा भक्तीतला उत्साह मावळतोय. मामा त्याला झापतो, अरे माणसं लाटांसारखी असतात, वर जातात, खाली येतात, त्यात तुझी काय कर्तबगारी. आणि मग सांगतो की शत्रू, म्हणजे देव, ह्या खालच्या काळाचा उपयोग जास्त करतो. का? तर नरकाला माणूस हवा असतो तो खायला. अन्न म्हणून. दुसऱ्याची इच्छा आपल्या इच्छेत विरघळवून टाकायची, त्याला जिरवायचं, आपण फुगायचं. देवाला मात्र माणूस वेगळाच राहायला हवा असतो, स्वतःच्या पायावर उभा, मुलगा म्हणून. म्हणून तो हात सोडतो, लहान मुलाला चालायला शिकवताना सोडतो तसा. आणि नरकाला सगळ्यात मोठा धोका कधी, तर जेव्हा माणसाला काही वाटत नाहीये, सगळ्या जगात देवाचा मागमूस दिसत नाहीये, तो विचारतोय मला का टाकलंस, आणि तरीही सांगितलेलं करतोय. मी हे पत्र एका कठीण वर्षात वाचलं, प्रार्थना भिंतीवर आपटून परत येत होत्या तेव्हा, आणि ह्या सैतानाच्या तक्रारीनं मला जेवढा आधार दिला तेवढा सांत्वनाच्या कुठल्याही शब्दांनी दिला नव्हता, कारण सांत्वन करणाऱ्याला मला बरं वाटायला हवं असतं आणि ह्याला तर नको होतं.

एकदा हे खाणं आणि वाढवणं डोक्यात बसलं की मागची पत्रं वेगळी दिसायला लागतात. टोस्टवाली आई घरातल्यांना थोडं थोडं खातेय. 'हो आई' म्हणणारी मी तिला खात होते.

सगळंच पटण्यासारखं आहे असं नाही. बायकांबद्दल आणि लग्नाबद्दलच्या पत्रांत १९४०चा इंग्लंडमधला पुरुष बोलतोय हे जाणवतं, ती मुलगी इतकी निर्मळ रंगवलीय की माणूस वाटत नाही, आणि त्या काळच्या चर्चमधल्या वादांचे काही संदर्भ आता लागत नाहीत, ती पानं मी सरळ उलटते. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे पण पत्रं छोटी, तीनचार पानांची. एका बैठकीत संपवू नका. दिवसाला एक, शक्यतो सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत घरात नाहीतर ऑफिसात ते पत्र घडताना दिसतं. वाचायचा कंटाळा असेल तर इंग्लिश विनोदी नट जॉन क्लीझच्या आवाजात ऐकायलाही मिळतं आणि त्या आवाजातला सौजन्याचा लेप ऐकण्यासारखाच आहे. खुद्द लुईसला हे लिहिताना अजिबात आनंद झाला नाही, त्यानं म्हटलंय की मन असं पिरगाळून ठेवणं सोपं होतं पण त्यानं धूळ, वाळू, तहान आणि खाज असं वाटायचं. नंतर १९५९मधे त्यानं स्क्रूटेपचं एक भाषण तेवढं लिहिलं, पण पुन्हा पत्रं नाही लिहिली.

ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी इथे थांबा, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

शेवटच्या पत्राआधी पेशंट बॉम्बहल्ल्यात सापडतो. घाबरतो, आपण भित्रे आहोत असं त्याला वाटतं, आणि तरी आपलं काम करत राहतो. मग दुसऱ्या हल्ल्यात मरतो. वर्मवुडच्या हातून सुटतो. एका क्षणात त्याला वर्मवुड दिसतो, इतकी वर्षं आपल्या कानाशी कोण होतं ते दिसतं, आणि मग ते दुसरे, देवाकडचे, दिसतात, जे त्याच्या एकट्या वाटणाऱ्या प्रत्येक तासात बरोबर होते, आणि त्यांना बघून तो म्हणतो, म्हणजे तुम्हीच होता तर! हे सगळं मामा चरफडत सांगतोय, त्याला त्या दृश्याचा किळस येतोय, आणि त्याच्या त्या किळसवाण्या शब्दांतून स्वर्ग असा काही झळकतो की मला दरवेळी पुस्तक मिटून खाली ठेवावं लागतं.

आता सगळी पत्रं पुन्हा चाळा आणि फक्त शेवटची ओळ बघा. जवळजवळ प्रत्येकाखाली 'तुझा प्रेमळ मामा.' वाचून वाचून डोळे त्यावर थांबेनासे झालेले असतात. एकतिसाव्या पत्रात हरलेला वर्मवुड विचारतोय की तुम्ही मला इतकं प्रेमानं लिहायचात त्याला काही अर्थ नव्हता का. मामा म्हणतो, होता की रे, तुझं माझ्यावर जसं प्रेम तसंच माझं तुझ्यावर, मलाही तू कायम हवाच होतास, फरक इतकाच की मी जास्त ताकदवान. आता ते तुला माझ्याच ताब्यात देतील. निदान तुझा एखादा तुकडा. आणि खाली सही, ह्यावेळी थोडे शब्द वाढवून: तुझा दिवसेंदिवस अधिकच भुकेला, प्रेमळ मामा, स्क्रूटेप.